‘व्हय’च्या पुढं काय लावायचं?

जगात जर्मनी, भारतात परभणी.

हे वाक्य आमच्याकडं शाळकरी पोरापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना येतं. पहिल्यांदा कोण म्हणालं आणि का म्हणालं, याच्या कथा माणसागणिक वेगळ्या. मला त्यातला स्वल्पविराम आवडतो. या वाक्यात क्रियापदच नाही. ‘आहे’ नाही, ‘तशी’ नाही, ‘भारी’ नाही. दोन तुकडे आहेत आणि मधे एक एवढंसं चिन्ह. सगळी तुलना, सगळा तोरा त्या चिन्हावर उभा आहे. आता शेवटी पूर्णविरामाऐवजी प्रश्नचिन्ह लावून बघा. जगात जर्मनी, भारतात परभणी? लगेच पुण्यातल्या हॉस्टेलवरचा रूममेट बोलल्यासारखं वाटतं. उद्गारचिन्ह लावलं की टी-शर्ट छापून होतो. तीन टिंबं लावली की उन्हाळ्यातली पाण्याची टाकी आठवते. शब्द तेच, बोलणारा माणूस मात्र दर वेळी दुसरा.

कथा लिहिणाऱ्याला व्याकरण लागतं ते एवढ्यासाठी. कोण बोलतंय आणि कुणाच्या बाजूनं बोलतंय, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून. मार्क कापणारे सर आता आपल्या मागे नाहीत.

मागच्या दिवाळीच्या सुमाराला सेलूकडच्या एका मुलीनं मला तिची कथा मोबाइलवर पाठवली. कापूस वेचायला जाणारी आई, शाळा बुडवून तिच्यासोबत गेलेली मुलगी आणि संध्याकाळी मापाच्या वेळी झालेली बाचाबाची. एसटीत बसून वाचली. कथा चांगली होती, पण वाचताना काहीतरी सारखं टोचत होतं. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा समजलं. तिची वाक्यं अशी होती: आईने ‘धुडक्यात’ भाकरी बांधली. आम्ही ‘येचणीला’ निघालो. बांधावर ‘माय’ क्षणभर थांबली. पहिल्या पानावर असे अकरा शब्द मोजले. सगळे तिच्या घरातले, आणि सगळे अवतरणचिन्हांत.

अवतरणचिन्ह काय सांगतं? हा शब्द माझा नाही, मी तो दुसऱ्याकडून उचललाय. किंवा, हा शब्द बरोबर नाही हे मला माहीत आहे, गैरसमज नसावा. म्हणजे ज्या बाईवर कथा लिहिलीय, तिच्या तोंडचा प्रत्येक शब्द मुलीनं चिमट्यात धरून लांबून दाखवला होता. आणि स्वतःच्या मायला ‘माय’ म्हणताना तिनं वाचकाची आगाऊ माफी मागितली होती.

मी तिला हसलो नाही, कारण माझी पहिली कथा याहून वाईट होती. मी नुसती चिन्हं लावून थांबलो नव्हतो, शेवटी शब्दार्थांची यादीही जोडली होती. कामून म्हणजे का. इकणे म्हणजे विकणे. ती यादी मी कुणासाठी केली होती? माझ्या गावातल्या कुणाला तिची गरज नव्हती. पुण्यामुंबईत मी एक वाचक कल्पून ठेवला होता, चष्मा लावून बसलेला, आणि त्याच्यासमोर उभं राहून गावाची ओळख करून देत होतो. कथेतला निवेदक एवढं अंग चोरून उभा असेल तर पात्रं तरी ताठ कशी उभी राहतील?

ही चिन्हं आपल्याकडं आली कधी, हे बघितलं की थोडं हलकं वाटतं. मोडीत लिहिणारा माणूस हात न उचलता ओळ भरत जायचा. शब्दाशब्दांत जागा सोडायची पद्धत नव्हती, विरामचिन्हं नव्हती. पोथ्यांमध्ये दंड असायचे, तेवढेच. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातला सहकारी मेजर थॉमस कँडी यानं इंग्रजीतली चिन्हं मराठीत रुजवली. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्याचं पुस्तक १८५० सालचं. त्यानंतर सात वर्षांनी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. म्हणजे मराठी कादंबरीच्या जन्माआधीच तिच्यासाठी चिन्हांची पेटी तयार होती. मनातल्या मनात, एकट्यानं, गप्प बसून वाचायच्या गद्याला ती लागतेच. तेव्हा ‘परकी आहेत, फेकून द्या’ असं मी म्हणणार नाही. एवढंच विचारतो, की ती नव्हती तेव्हा मराठी माणूस दुसऱ्याचं बोलणं कसं सांगत होता?

‘म्हणे’ लावून. आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घालून ‘म्हणे’ म्हणते, की ऐकणाऱ्याला कळतं, वरचं सगळं हिचं. उघडं चिन्ह नाही, बंद चिन्ह नाही. आजही घरात आपण असंच बोलतो. ‘येतो म्हणून गेला तो आलाच नाही’ या वाक्यात ‘येतो’ हे त्याचं बोलणं आहे, जसंच्या तसं, पहिल्या पुरुषात, आणि ते कुंपणाशिवाय आपल्या वाक्यात येऊन बसलंय. इंग्रजीत असं बोलणं अप्रत्यक्ष करायचं तर ‘मी’चा ‘तो’ करावा लागतो, काळ मागे न्यावा लागतो. मराठी वाक्य दुसऱ्याचा आवाज तसाच पोटात घेतं.

‘म्हणे’चं दुसरं एक काम आहे, ते याहून तिखट. १९४६ मध्ये परभणीच्या बी. रघुनाथांची एक कादंबरी आली: ‘म्हणे लढाई संपली’. कादंबरी क्षणभर बाजूला ठेवू, नुसतं नाव वाचू. तीन शब्द. महायुद्ध संपल्याची बातमी जगभर झाली होती. इथला माणूस ती कशी ऐकतो? संपली, म्हणे. मी पाहिलेलं नाही, मला सांगितलं गेलंय, आणि माझ्या घरात त्यानं काय फरक पडला ते मलाच विचारा. हे सगळं ‘म्हणे’त आहे. हेच नाव ‘लढाई संपली?’ असं ठेवलं असतं तर ती साधी शंका झाली असती. ‘लढाई “संपली”’ असं केलं असतं तर आजच्या एखाद्या फेसबुक पोस्टचा उपरोध झाला असता, डोळा मारून केलेला. बी. रघुनाथांना त्यातलं काही लागलं नाही. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, तिथं आपण कार्यक्रमांना जातो, फोटो काढतो. त्यांच्या पुस्तकांची नावं तरी एकदा सावकाश वाचायला हरकत नाही. एका कादंबरीचं नाव आहे नुसतं ‘ओ’. कुणीतरी हाक मारली आणि एका अक्षरात उत्तर आलं. हाक कुणाची, ते नावात नाहीच.

आता बोलीकडं. बोलीचं काय करायचं, याची दोन उत्तरं मराठी कादंबरीनं आधीच देऊन ठेवलीत, आणि दोन्ही खणखणीत आहेत. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची. तिथं निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि माणसं वऱ्हाडीत बोलतात. रेघ स्पष्ट आहे. तरी कौतिक निवेदकापेक्षा खाली उभी आहे असं कुठं वाटत नाही. वाटतं ते उलटंच, ती बोलायला लागली की निवेदकच बाजूला सरतो. दुसरं उत्तर रा. रं. बोराड्यांच्या ‘पाचोळा’चं, १९७१ चं. त्याच साली आनंद यादवांचा ‘गोतावळा’ही आला. ‘पाचोळा’त गंगाराम शिंप्याची बायको, पार्वती, सगळी गोष्ट स्वतःच सांगते, मराठवाड्याच्या बोलीत. रेघच पुसून टाकली. तिच्या निवेदनात ‘माय’ला अवतरणचिन्ह लावायचं म्हटलं तरी लावणार कसं? तिच्यासाठी तो एकच शब्द आहे.

माझं मत विचाराल तर ‘पाचोळा’ची वाट जास्त अवघड आहे आणि हल्ली ती उगाच सोपी समजली जाते. पूर्ण निवेदन बोलीत करायचं तर ती बोली दोनशे पानं विचार करू शकली पाहिजे. नुसतं हसवून, शिव्या देऊन, ‘लई भारी’ म्हणून चालत नाही. रीलमधली मराठवाडी बोली साठ सेकंद टिकते, कारण ती फक्त ऐकवण्यासाठी असते. पार्वती मात्र त्या बोलीत घाबरते, हिशोब करते, नवऱ्याबद्दल काय वाटतं ते स्वतःशी घोळवते. तेवढा दम नसेल तर ‘धग’ची वाट धरावी, त्यात कमीपणा काही नाही. चुकते ती तिसरी वाट, सेलूच्या मुलीची आणि माझी. निवेदन प्रमाणात, आणि त्यात बोलीचे शब्द एकेक करून, चिन्हांच्या पिंजऱ्यात.

गंमत म्हणजे सरकारी नियमांनी कथाकाराला एक पळवाट आधीपासून दिलेली आहे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम १९६२ मध्ये सरकारनं स्वीकारले, पुढं १९७२ मध्ये चार वाढले, असे अठरा. शाळेत आपण ते पाठ केले आणि विसरलो. त्यात एक नियम चक्क पात्रांसाठी आहे. पात्राच्या तोंडी बोलणं घालताना ‘असं केलं, मी म्हटलं’ असा शेवटी अनुस्वार द्यायला हरकत नाही, एरवी ‘असे केले, मी म्हटले’ लिहावं. म्हणजे १९६२ मध्ये मराठीतले ढीगभर अनुस्वार झाडून टाकले, तेव्हा बोलण्याच्या टिंबाला कथेत आसरा मिळाला.

पुढं ते टिंब पात्राच्या तोंडातून उतरून निवेदनात आलं, लेखात आलं, हा लेखही त्याच्यावरच चाललाय. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती एकाच परिच्छेदात ‘तिने सांगितले’ आणि ‘त्यानं ऐकलं’ असं दोन्ही येतं त्याची. हे दोन वेगळे निवेदक आहेत. एक खुर्चीवर बसून सांगतोय, दुसरा ओट्यावर. खुर्चीवरून ओट्यावर यायचं असेल तर जरूर या, पण कुठं उतरलात ते लिहिणाऱ्याला तरी माहीत हवं. बहुतेक वेळा त्याला माहीत नसतं. सकाळी एक परिच्छेद लिहिला, रात्री एक.

टिंबाचं आणखी एक प्रकरण आहे, ते मी दर कथेत पाहतो. ‘तिच्या डोळ्यात पाणी आलं.’ कोणत्या डोळ्यात? डाव्या की उजव्या? अनेकवचन असेल तर डोळ्यांत. गावात म्हणजे एका गावात, गावांत म्हणजे पाचपन्नास. ‘लोकात’ असं काही नसतंच, लोकांत. हे टिंब बोलताना फारसं ऐकू येत नाही म्हणून सुटतं, हे मान्य. पण डोंगराएवढं दुःख लिहिताना बाई एकाच डोळ्यानं रडू नये एवढी काळजी घेता येते. पीक-पिक, दीर-दिर यांबद्दल मी बोलत नाही, ते शब्दकोशात बघून होतं.

स्वल्पविरामाचं मात्र कोशात सापडत नाही. आणि तो बोलीत जास्त लागतो. पुस्तकी मराठीत ‘आई, जेवलीस का?’ यात स्वल्पविराम गळला तरी ‘स’ सांभाळून घेतो, आईलाच विचारलंय हे कळतं. आमच्याकडं तो ‘स’ बरेचदा नसतो. माय, जेवली का? आता यातला स्वल्पविराम काढा. माय जेवली का? माय समोर नाही, कुणा तिसऱ्याला तिच्याबद्दल विचारलं जातंय. कदाचित आजारी आहे. कदाचित रुसून बसली आहे. एका चिन्हानं माय दुसऱ्या खोलीत गेली. जे म्हणतात की बोलीत लिहायचं तर विरामचिन्हांची कटकट नाही, त्यांनी हे वाक्य दोन्ही प्रकारे मोठ्यानं वाचावं.

बोलीला व्याकरण नसतं, हे त्याहून मोठं थोतांड. तो करायलाय, ती करायलीय, ते करायलेत. इथं कोण चुकतं? कुणीच नाही, कारण नियम पक्के आहेत, फक्त ते शाळेत शिकवत नाहीत. एकदा माझ्या कथेत बहीण भावाला म्हणते, तुपलं तू बघ. एका अंकाच्या संपादकांनी दुरुस्त करून छापलं: तुमचं तुम्ही बघा. त्यांना ‘तुपलं’ हे ‘तुमचं’चं बिघडलेलं रूप वाटलं असणार. खरं म्हणजे मपलं, तुपलं यांत ‘स्वतःचं’ हा अर्थ भरलेला आहे, तुझं आणि फक्त तुझंच. आणि तो शब्द अरेतुरेतला. छापून आलं तेव्हा कथेतली बहीण भावाला अहोजाहो करत होती. वाटणीच्या भांडणाचा सगळा प्रसंग त्या एका शब्दाभोवती होता. मी फोन केला नाही. नवखा होतो, छापलं हेच पुष्कळ वाटलं. आता वाटतं, करायला पाहिजे होता, भांडायला म्हणून नव्हे, नुसता अर्थ सांगायला. हे तुमच्यातल्या कुणावर येईल तेव्हा करा.

आता शीर्षकातल्या ‘व्हय’कडं येतो. समजा, पोरगा बाजारातून येतो आणि बापाला सांगतो, बैल इकला. बाप म्हणतो—

व्हय.
व्हय?
व्हय!
व्हय…

पहिल्या बापाला माहीतच होतं, त्यानंच पाठवलं असेल. दुसऱ्याला आत्ता कळतंय. तिसरा एकतर खूश आहे किंवा काठी शोधतोय, नुसत्या उद्गारचिन्हानं दोन्हींतलं काय ते कळत नाही, आणि हीच त्या चिन्हाची अडचण आहे. ते आवाज वाढवतं, कशासाठी वाढला ते सांगत नाही. चौथा बाप सगळ्यांत जास्त भेटतो. मोबाइलवर लिहिलेल्या दहातल्या आठ कथांत तो असतो. आपण दिवसभर व्हॉट्सअॅपवर पूर्णविराम देत नाही, कारण तिथं पूर्णविराम दिला की समोरच्याला वाटतं आपण चिडलो. मग हं.., बरं…, बघू….. असं टिंबं टाकत राहतो. तीच सवय कथेत येते. टिंबं मोजायची म्हटलं तर तीनच असतात, त्यांना लोपचिन्ह म्हणतात, काहीतरी लोपलंय अशी खूण. पात्राला पुढं बोलता आलं नाही तिथं ती द्यावीत. लेखकाला पुढं सुचलं नाही तिथं देऊ नयेत. वाचणाऱ्याला हा फरक बरोबर कळतो.

आणि पाचवा बापही असतो. पोरगा म्हणतो, बैल इकला. बाप रिकाम्या दाव्याकडं बघतो आणि ते गुंडाळून खुंटीला लावतो. व्हय म्हणतच नाही. तिथं चिन्हाचा प्रश्नच मिटला.

उद्गारचिन्हाचं काम आमच्या बोलीत शेवटचे छोटे शब्द करतात. बस की. ये बरं. जाऊ दे ना बा. ‘बस की’ यात आग्रह आहे, माया आहे, थोडा हट्ट आहे. ‘बस!’ म्हटलं की हुकूम झाला, नाहीतर एसटी आली. ‘बस की!’ लिहिणं म्हणजे भाजीत दोनदा मीठ.

फोनच्या कीबोर्डबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपण सगळे त्यावरच लिहितो, आणि फोनवर लिहिणं हलकं असं मी मानत नाही. रानातून घराकडं मारलेली हाक लिहायची असते. आवाज लांबवायला मराठीत अवग्रह आहे, ऽ असा. माऽऽय. बहुतेक मुलं तिथं इंग्रजी एस टाकतात, दिसायला सारखा म्हणून, नाहीतर ‘मायययय’ लिहितात. पण ‘मायययय’मध्ये लांबतो तो ‘य’. हाक मारताना लांबतो तो ‘आ’. एकदा रानात उभं राहून ओरडून बघा, मग कीबोर्डवर अवग्रह शोधायची इच्छा होईल. तसाच तो अर्धा र. परभणीतली कथा म्हटली की शेतकरी येणार, आणि ‘शेतकर्यांना’ असं लिहिलं जाणार, रफार डोक्यावर घेऊन. आचार्यांना नमस्कार करतात, आचाऱ्यांना स्वयंपाकाचं सांगतात, एवढा फरक त्या वळणात आहे. ‘ऱ’ कीबोर्डवर असतो, ‘र’ दाबून धरलं की बहुतेक फोनवर वर येतो. शेतकऱ्यांवर लिहायचं तर तेवढं बोट दाबून धरायला हरकत नसावी.

सेलूच्या मुलीला मी यातलं फार काही लिहिलं नाही. एवढंच कळवलं, की अकराच्या अकरा चिन्हं काढ आणि कथा मायला वाचून दाखव. जिथं ती अडेल तिथं खूण कर. पंधरा दिवसांनी कथा परत आली. ‘आईने’चं ‘मायनं’ झालं होतं, आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसंच होतं. धुडकं, येचणी, सगळे शब्द मोकळे. मापाचा प्रसंग तिनं नव्यानं लिहिला होता. आधी त्यात ती मुलगी मध्यस्थी करून व्यापाऱ्याला समजावत होती. आता ती गप्प उभी आहे आणि माय बोलतेय.

पूर्ण कथेत अवतरणचिन्हांची एकच जोडी राहिली होती. मी विचारलं, ही राहिली का ठेवली? ती म्हणाली, वाचून दाखवताना माय फक्त तिथं अडली. व्यापारी कापसात हात घालून भाव पाडतो आणि कारण सांगतो. माय ते कारण घरी येऊन बापाला सांगते, तोंड वाकडं करून, त्याची नक्कल करत:

म्हणे, ‘मॉइश्चर’ हाय.